परहेजवाले सलोत्री

अणदूरच्या शाळेत माझी बदली झाली आणि भाड्याच्या घरापुढं आम्ही बैलगाडीतून सामान उतरवत होतो, तेवढ्यात शेजारच्या दारातून काळी शेरवानी घातलेले एक उंच गृहस्थ बाहेर आले. मे महिना. उन्हानं छपराचे पत्रे तडतडत होते आणि यांच्या शेरवानीची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली. मला वाटलं, आता नावगाव विचारतील, पाणी हवं का म्हणतील. त्यांनी आमच्या ट्रंकांवरून, पाळण्यावरून, माझ्या यजमानांवरून एकदा नजर फिरवली आणि विचारलं,

"कुत्रं आणलंय?"

"नाही," मी म्हटलं.

"पाळायचा इरादा?"

"नाही हो."

"बरं. झालाच, तर आधी मला विचारायचं. नंतर विचारणारे लई येतात."

एवढं बोलून ते आत गेले. मागोमाग त्यांच्या पत्नी, यमुनावहिनी, पाण्याची कळशी घेऊन आल्या आणि हसत म्हणाल्या, "मनावर घेऊ नका बाई. आमच्या लग्नाच्या बैठकीत माझ्या वडलांनाही त्यांनी हेच विचारलं होतं."

हे माणिकराव. जनावरांच्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर. निजामाच्या अमलात जनावरांच्या डॉक्टरला सलोत्री म्हणत. पुढं संस्थान विलीन झालं, आमचा मुलूख मुंबई राज्याला जोडला गेला, मग महाराष्ट्र झाला, दर वेळी दवाखान्यावरची पाटी बदलली. गावानं माणिकरावांना मात्र सलोत्रीच ठेवलं. त्यांचं शिक्षण हैदराबादला उर्दूतून झालेलं आणि वडील धाराशिवच्या कोर्टात वकील. त्यामुळं घरात औषधापेक्षा गवाही, जामीन आणि फैसला हेच शब्द जास्त ऐकू यायचे. पथ्याला ते परहेज म्हणत, आणि जगातल्या बहुतेक रोगांचं मूळ परहेज न पाळण्यात आहे असं त्यांचं ठाम मत होतं.

सरकारनं त्यांना नेमलं होतं बैल, गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांसाठी. त्यांचं काम ते चोख करत. पण जीव रमायचा कुत्र्यांत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "बैल आपला कडबा खातो, रवंथ करतो, झोपतो. त्याला कुणी लाडू घालत नाही. कुत्र्याचं तसं नाही, बाई. माणूस त्याला आपल्यासारखं समजतो आणि आपलं सगळं त्याच्या पोटात घालतो. मग ते बिचारं खाजवत बसतं."

कुत्रं खाजवतंय, केस गळतायत, कान सारखे झाडतंय म्हणून कुणी आलं की कुत्र्याला हात लावायच्या आधी ते मालकाला समोर बसवत.

"सकाळी काय घातलं?"

"भाकरी."

"आणि?"

"दूध."

"आणि?"

"बस, एवढंच."

"आणि?"

इथं बहुतेक माणूस फुटायचा. मग बुंदीचे लाडू निघायचे, चहात बुडवलेले टोस्ट निघायचे, पोरांनी ताटाखाली सोडलेली जिलबी निघायची. माणिकराव समाधानानं मान हलवायचे. "माणूस खोटी गवाही देतो. कातडी देत नाही."

मालकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. हेडमास्तरांच्या बायकोला ते भर बाजारात "मोतीच्या आई, थांबा जरा" अशी हाक मारत. इंदिराबाई लालबुंद व्हायच्या. सरपंच शिवलिंगअप्पा म्हणजे गावातलं बडं प्रस्थ, आडतीचं दुकान, धान्यानं भरलेली कोठारं. माणिकरावांच्या लेखी तो "टायगरचा अप्पा".

या टायगरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दुकानापुढं कुणी भुसार मालाचं पोतं टाकलंय असंच मला वाटलं. पोतं हललं तेव्हा कळलं. चालताना त्याचं पोट जमिनीला लागायचं आणि चार पावलांत धाप लागायची. अप्पांनी माणिकरावांना दुकानात बोलावून घेतलं.

"आमचं लिंगायताचं घर, डॉक्टर. कुत्रंबी शाकाहारी हाय. मांसमच्छी न्हाय, अंडं न्हाय. साजूक तुपातला शिरा घालतो दोन टायमाला."

"शाकाहाराला माझी ना नाही, अप्पा. शिऱ्याला आहे."

"शिऱ्यात काय वाईट हाय?"

"काही नाही. वाईट ते टायगरात जाऊन होतं."

शिरा बंद झाला. ज्वारीची भाकरी, वरणाचं निवळ पाणी, थोडं ताक, आणि सकाळ-संध्याकाळ लांबच्या मळ्यापर्यंत चालणं. अप्पा म्हणाले, गडी नेईल फिरवायला. माणिकराव म्हणाले, "गडी पहिल्या चिंचेखाली बिडी पेटवील आणि टायगर शेजारी झोपेल. तुम्ही स्वतः जायचं." अप्पांना रोज मळ्यावर चालत जायला सांगणारा माणूस गावात तोवर जन्मलेला नव्हता. पण कुत्र्यावर जीव होता. गेले. पहिले काही दिवस दोघंही सारखेच धापा टाकत परत यायचे आणि दुकानाच्या पायरीवर शेजारी शेजारी बसायचे. लांबून बघणाऱ्याला कुणाची जीभ बाहेर आहे ते सांगता आलं नसतं. पावसाळा सरता सरता टायगरला कंबर दिसायला लागली आणि अप्पांना लग्नातला कोट बसायला लागला. अप्पांच्या मंडळींनी माणिकरावांना घरी बोलावून सांगितलं, "आता आमच्या मालकांचं परहेजबी तुमीच लिवून द्या." माणिकराव गंभीरपणे म्हणाले, "मी फक्त चार पायांचं बघतो."

ते चुकायचेही, आणि चुकले की तेही गावाला ऐकू जाईल अशा बेतानं.

हेडमास्तरांचा मोती पोटाखाली खाजवून खाजवून रडकुंडीला आला होता. माणिकरावांनी सरळ इंदिराबाईंच्या स्वयंपाकघरावर शक घेतला. आधी दूध बंद केलं. मग तुरीची डाळ. मग भात. प्रत्येक जीवाला कशाचं तरी वावडं असतं, ते शोधायचं असेल तर एकेक पदार्थ बाजूला काढायचा आणि वाट बघायची, ही त्यांची रीत. इंदिराबाईंना ते सगळं आपल्या सुगरणपणावरचा ठपका वाटायचं. शाळेत आल्या की त्या मला म्हणायच्या, "अहो, आमच्याकडे एवढी माणसं जेवून जातात, कुणी कधी खाजवलं नाही!" मोती वाळत चालला आणि खाजवणं काही थांबेना.

एके दिवशी माणिकराव हेडमास्तरांकडे चहाला गेले होते. मोती ओसरीवर आपल्या पोत्यावर पडलेला. माणिकराव कपबशी खाली ठेवून एकदम गुडघ्यावर बसले आणि त्यांनी पोत्याचा वास घेतला. ते खताचं रिकामं पोतं होतं. मोती त्यावरच झोपायचा, पोट टेकून. त्यांनी पोतं उचलून बाहेर फेकलं, जुनं लुगडं अंथरायला सांगितलं, आणि आठवडाभरात मोती शांत झोपायला लागला.

दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. माणिकराव शेरवानी चढवून हेडमास्तरांच्या अंगणात जाऊन उभे राहिले आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मोतीच्या आई, तुमचं स्वयंपाकघर बाइज्जत बरी, साफ निर्दोष! गुन्हा पोत्याचा होता. मी नाहक तुमच्या डाळीवर आळ घेतला. माफी असावी." मग मोतीकडे वळून हलक्या आवाजात, "तुझीही."

इंदिराबाई हसता हसता रडल्या. त्या संध्याकाळी माणिकराव आमच्या ओट्यावर येऊन बसले होते. उठताना माझ्या यजमानांना म्हणाले, "चुकीचं परहेज म्हणजे बेगुन्हा माणसाला कैद. उपाशी ठेवलं मी त्याला."

पण अणदूरला त्यांची आठवण निघते ती काळ्यावरून.

काळ्या खंडोबाच्या देवळापाशी राहायचा. मालक असा कुणी नाही. देवळाच्या दारात भंडारा आणि खोबरं विकणारी गोदामाय हीच काय ती त्याची. एकटी बाई, म्हातारी, देवळामागच्या झोपडीत राहायची आणि काळ्या तिच्या दारात झोपायचा. खंडोबाच्या घोड्यासोबत कुत्रं असतंच. त्यामुळं देवाला आलेला माणूस काळ्याला काही घातल्याशिवाय परतायचा नाही. रविवारी तर विचारूच नका. पेढे, पुरणपोळी, उधळलेलं खोबरं, चपातीचा काला. देवाचं कुत्रं म्हणून भाकरी कुणी घालायचं नाही. गरिबातला गरीबसुद्धा त्याच्यासाठी गव्हाची पोळी करून आणायचा.

एका वर्षी आषाढात काळ्याच्या पाठीवरचे केस जायला लागले. मग पोटावरचे, मग मानेचे. उघडी लाल कातडी, त्यावर खाजवून झालेल्या जखमा, माश्या. नाव काळ्या आणि अंगावर काळं शोधावं लागावं. लोकांनी आधी हळहळ केली, मग लांबून जायला लागले, मग कुणीतरी म्हणालं की लूत आहे, पोरांना लागेल. दुसऱ्यानं सांगितलं, पिसाळायची ही पहिली खूण. गोष्ट पंचायतीत गेली. विषाचा लाडू घालायचं ठरलं.

गोदामाय दवाखान्यात धावत आली. माणिकराव एका बैलाचं खूर तपासत होते. तिनं नुसतं देवळाकडं बोट केलं. ते हात न धुताच गेले. काळ्याला त्यांनी कानापासून शेपटीपर्यंत पाहिलं, कातडी खरवडून काचेवर घेतली, भिंगाखाली बघितली आणि तसेच चावडीत गेले. मी तिथं नव्हते. माझे यजमान होते, त्यांनी सांगितलं ते असं.

"लूत नाही. पिसाळलेलाही नाही. त्याला कशाचं तरी वावडं आहे. मला मुदत पाहिजे."

अप्पा अडचणीत आले. "डॉक्टर, चंपाषष्ठीला यात्रा भरती. लोक देवाच्या दारात लेकरं घिऊन येत्यात. तवर बरा न्हाय झाला तर?"

"तर औषध मी माझ्या हातानं घालीन. तुमचा माणूस नको."

माणिकराव कुत्र्याला मारायची गोष्ट स्वतःच्या तोंडानं बोलले, हे गावाला नवीन होतं.

त्यांनी ठरवलं, काळ्यानं आजवर जे कधी खाल्लंच नाही तेवढंच त्याला द्यायचं. म्हणजे बाजरीची भाकरी आणि शेळीचं उकडलेलं मांस. पण माणिकरावांचं घर शाकाहारी. यमुनावहिनींनी सांगितलं, "ते पातेलं माझ्या उंबऱ्याच्या आत आलं तर मी उंबऱ्याच्या बाहेर." तेव्हा दवाखान्यात, सुया उकळायच्या स्टोव्हवर, वेगळ्या पातेल्यात मांस शिजायला लागलं. माणिकराव नाकाला रुमाल लावून ढवळायचे. बैल घेऊन आलेले शेतकरी दारातून वास घ्यायचे आणि विचारायचे, "सलोत्रीसायेब, पंगत कवा?"

हे झालं घालायचं. अख्ख्या गावाला घालू नका म्हणून सांगायचं कसं? त्यांनी आधी काळ्याच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी बांधली: "या कुत्र्यास काहीही खाऊ घालू नये." ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी नेहमीसारखं घातलं. ज्यांना येत होतं ते वाचायला थांबायचे. थांबलेला माणूस बघून काळ्या शेपूट हलवायचा. मग त्यांना दया यायची आणि तेही घालायचे.

मग माणिकराव मार्तंड गुरवाकडे गेले. देवळाची पूजा त्याच्याकडं होती. दोघांत काय बोलणं झालं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी आरतीनंतर गुरवानं पायरीवर उभं राहून सांगितलं, "मंडळी, काळ्यानं उपास धरलाय. त्याचा उपास कुणी मोडू नये."

श्रावण चालू होता. उपास म्हटल्यावर गावानं मनापासून साथ दिली. त्या दिवशी काळ्यापुढं साबुदाण्याची खिचडी आली, रताळी आली, केळी आली, राजगिऱ्याचे लाडू आले. कुणी दुधात साखर घालून आणली. काळ्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा दिवस असावा. माणिकराव संध्याकाळी पोचले तेव्हा तो उताणा पडून ढेकर देत होता.

"गुरव," माणिकराव कपाळाला हात लावून म्हणाले, "हा काय मुजरिमाला मेजवानी द्यायचा प्रकार आहे?"

"तुमीच म्हणला उपास सांगा म्हून. आता उपासाला लोक काय देणार, दगुड?"

शेवटी गुरवानंच तोड काढली. दुसऱ्या आरतीला त्यानं जाहीर केलं की काळ्याचं अनुष्ठान कडक आहे. त्यानं एकाच हातचं खायचं, गोदामायच्या. दुसऱ्या हातानं घातलं तर घालणाऱ्याला दोष. हे मात्र बसलं. बायका काळ्यासमोरून जाताना हात पाठीमागं बांधून जायला लागल्या. काही पुरुषांनी त्याला नमस्कार घातला. दोघातिघांनी तर एक मुकं जनावर एवढं करतं म्हणून तंबाखू सोडायचा पण केला. काळ्याचा टिकला, त्यांचा नाही.

रोज मांस दवाखान्यात शिजायचं, भाकरी गोदामाय भाजायची, आणि घालायची तिच्याच हातानं. खाज हळूहळू कमी झाली. जखमांवर खपल्या धरल्या. लाल कातडीवर काळी लव दिसली तेव्हा माणिकरावांनी मला शाळेतून बोलावून नेलं आणि भिंगातून दाखवली. माझ्या मुलीचा पहिला दात दाखवतानासुद्धा मी एवढी हरखले नव्हते.

आणि पोळा झाल्यावर चार दिवसांत काळ्या पुन्हा लालभडक झाला. रात्रंदिवस खाजवू लागला, नवी लव गेली.

माणिकरावांनी गाव पालथं घातलं. अप्पांची उलटतपासणी केली, हेडमास्तरांची केली, यमुनावहिनींची केली, माझी केली. सगळ्यांनी शपथा घेतल्या. शेवटी ते देवळाच्या पायरीवर जाऊन बसले. मी भंडारा घ्यायला गेले होते म्हणून पुढचं माझ्यासमोर घडलं. गोदामाय खाली मान घालून टोपलीतलं खोबरं उगाच इकडचं तिकडं करत होती.

"माय," ते म्हणाले.

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "सणाचा दिस व्हता सायेब. समद्या गावात पुरण. बैलांस्नीबी पुरण. माझ्या लेकराच्या तोंडाकडं बघवंना. एकच घातली. एकच."

मला वाटलं, आता फैसला होणार. माणिकरावांनी शेरवानीचं वरचं बटण काढलं. मी त्यांना तसं करताना तेवढंच एकदा पाहिलं.

"माय, तुम्ही त्याला मायेनं घालता, ते मला कळतं. पण त्याच्या पोटाला माया कळत नाही. त्याला फक्त पोळी कळते."

"मग म्या माया कशानं करू त्याच्यावर?" ती म्हणाली. "माझ्याजवळ दुसरं हाय काय?"

माणिकराव उठले, दवाखान्यात गेले, करंजाच्या तेलाची बाटली आणि घोड्याला घासायचा मऊ ब्रश घेऊन परत आले. काळ्याच्या पाठीवर, जखमा चुकवून, ब्रश कसा फिरवायचा ते त्यांनी तिला दाखवलं. काळ्यानं डोळे मिटले आणि त्याचा मागचा एक पाय हवेत आपोआप हलायला लागला.

"रोज. हवं तितका वेळ," ते म्हणाले. "याला परहेज नाही."

त्या एका पोळीचा त्यांना उपयोगही झाला. पुरणपोळीत डाळ, गूळ, तूप आणि गहू, आरोपी चारच. काळ्याला पुन्हा आराम पडल्यावर त्यांनी एकेक वेगळं घालून पाहिलं. डाळ सुटली, गूळ सुटला, तूप सुटलं. दिवाळीच्या सुमारास चपातीचा तुकडा घातला आणि दुसऱ्याच दिवशी काळ्यानं कान ओरबाडले. माणिकराव आमच्या दारात येऊन म्हणाले, "गव्हाला जन्मठेप!" देवाचं कुत्रं म्हणून गावानं जे मानाचं दिलं, नेमकं त्याचंच त्याला वावडं होतं. मांस बंद झालं, पातेलं फेकून दिलं, आणि यमुनावहिनींनी दवाखाना गोमूत्रानं शिंपडून घेतला.

चंपाषष्ठीला यात्रा भरली. देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य. रोडगे बहुतेकांचे गव्हाचे, पण त्या वर्षी कितीतरी बायकांनी काळ्यासाठी म्हणून एकेक रोडगा बाजरीचा भाजला होता, आणि तो गोदामायच्या हातात द्यायला ओळ लागली होती. काळ्या पायरीवर बसला होता. अंग असं चकाकत होतं की उधळलेला भंडारा त्यावर शोभून दिसत होता. अप्पा टायगरला घेऊन आले. त्यांनी काळ्याकडं पाहिलं, मग माणिकरावांकडं, आणि चिमूटभर भंडारा उचलून माणिकरावांच्या कपाळाला लावला. माणिकरावांनी भंडारा पुसला नाही. दिवसभर तसेच बैल तपासत फिरले.

पुढल्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, ईट गावाकडं. निघायच्या दिवशी ते काळ्याचा निरोप घ्यायला देवळात गेले. मीही होते. काळ्या सावलीत झोपला होता. त्यानं एक डोळा उघडला, माणिकरावांना नीट पाहिलं, डोळा मिटला आणि कूस बदलून पाठ केली.

गोदामाय ओशाळली. "आरं, सलोत्रीसायेब हायेत! वळखीना व्हय रं?"

"ओळखतो, माय, चांगला ओळखतो," माणिकराव म्हणाले. "मी आलो की ताटातलं काहीतरी जातं, हे त्याला पाठ झालंय." ते मोठ्यानं हसले, आणि मग रुमाल काढून बराच वेळ नाक पुसत राहिले.

एसटी हमरस्त्यावर थांबायची. अर्धं गाव पोचवायला आलं होतं. अप्पा, गुरव, हेडमास्तर, इंदिराबाई, दवाखान्यात बैल आणणारे शेतकरी. गाडी सुटली तेव्हा यमुनावहिनी खिडकीतून आमच्याकडं बघून डोळे पुसत होत्या. त्यांच्या मागच्या खिडकीतून माणिकराव अर्धे बाहेर आले आणि जोरजोरानं हात हलवायला लागले. काहीतरी ओरडतही होते, पण गाडीच्या आवाजात ऐकू येईना. आम्हाला सगळ्यांना भरून आलं. अप्पांनी पटका काढून हलवला. इंदिराबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "केवढा जीव लावला हो या माणसानं गावाला!" गाडी वळणापलीकडं जाईपर्यंत तो हात तसाच हलत होता.

मग मी मागं वळून पाहिलं. आमच्या पाठीमागं, चहाच्या हॉटेलपुढं, एक पोऱ्या रस्त्यावरच्या कुत्र्याला शिळी जिलबी घालत उभा होता.